१९ फूट कशाला हवेत? एका हायस्कूल उडीपटूच्या कॉलेज-भरतीचं प्रकरण

प्रकरण पेन्सिल्व्हेनियातल्या एका सरकारी हायस्कूलमधल्या मुलीचं आहे. लांब उडी आणि तिहेरी उडी हे तिचे मुख्य प्रकार, आणि कॉलेजच्या टीमकडून उड्या मारायच्या हे स्वप्न. मी तिचा कोच नाही. आमच्या भागातल्या शाळांच्या मीटमध्ये, म्हणजे स्पर्धांत, वाळूच्या खड्ड्याशी टेप धरून उभा असतो, त्यामुळे ट्रॅकबद्दल काही अडलं की ओळखीची मराठी घरं मला फोन करतात. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. मुलीचं नाव, शाळा, गाव आणि कॉलेजं मुद्दाम गाळली आहेत.

वडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक आईवडिलांचा असतो तोच होता: "तुम्ही फक्त आकडा सांगा. किती उडी मारली की घेतात?" मुलीने तो आकडा स्वतःच ठरवून टाकला होता. लांब उडीत १९ फूट, म्हणजे ५.७९ मीटर. कुठल्याशा व्हिडिओत तिने ऐकलं होतं की १९ फुटांखाली डिव्हिजन १ चे (कॉलेज-खेळांच्या तीन स्तरांपैकी सर्वांत वरच्या) कोच बघतही नाहीत. दहावीच्या वर्षी, २०२४ च्या वसंतात, ती होती १६ फूट ५ इंचांवर (५.०० मी) आणि तिहेरी उडीत ३४ फूट २ इंचांवर (१०.४१ मी).

आपल्याकडच्या आईवडिलांच्या डोक्यात इंजिनिअरिंगच्या कटऑफची यादी पक्की बसलेली असते. एवढे मार्क असले तर आत, एक कमी पडला तर बाहेर. कॉलेजची खेळातली भरती तशी चालत नाही. वडिलांना हे पटायला जवळजवळ वर्ष गेलं.

१५ जूनची रात्र आणि नंतरचा उन्हाळा

एनसीएए ही कॉलेज-खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन १ आणि २ च्या कोचना ट्रॅकच्या खेळाडूशी भरतीविषयी बोलायची मुभा दहावी संपल्यावर १५ जूनपासून मिळते. खेळाडूने कोचला त्याआधी लिहिलं तर चालतं, पण कोचला भरतीचं उत्तर देता येत नाही. डिव्हिजन ३ च्या कोचना ईमेल-फोनसाठी अशी तारीख नाही. या मुलीने डिव्हिजन १ च्या बऱ्याच कॉलेजांचे ऑनलाइन फॉर्म भरून ठेवले होते. १५ जूनला फोन उशाशी ठेवून झोपली. फोन वाजला नाही.

पुढच्या आठवड्यांत काही ईमेल आले आणि घरात आनंद झाला. मला ते पाठवले तेव्हा मी एकच सांगितलं: शेवटपर्यंत वाचा. प्रत्येकात समर कॅम्पचं निमंत्रण होतं आणि खाली फी भरायची लिंक. त्या फॉर्मच्या यादीतल्या प्रत्येकाला असली पत्रं जातात. कॅम्प वाईट नसतो, तिथे चांगलं शिकायला मिळतं, पण निमंत्रण आलं म्हणून कोचने आपल्याला हेरलं असं होत नाही. कोचला खरंच रस असेल तर पत्रात तुमच्या उडीचा, तुमच्या मीटचा उल्लेख असतो आणि शेवटी प्रश्न असतो.

त्याच सुमारास एका रिक्रूटिंग सेवेने फोन करून काही हजार डॉलर मागितले. बदल्यात मुलीचं 'प्रोफाइल' शेकडो कोचपर्यंत पोचवणार म्हणे. आई तयार झाली होती. ट्रॅकमध्ये या सेवेची गरज मला तरी कधी पटलेली नाही. बास्केटबॉलमध्ये खेळाडू कसा आहे हे कुणीतरी पाहून सांगावं लागतं. उडीचं तसं नाही, ती टेपने मोजलेली असते. शाळेच्या मीटचे निकाल अ‍ॅथलेटिक डॉट नेट आणि माइलस्प्लिट या साइट्सवर चढतात आणि कोच रात्री बसून तेच चाळतात. पैसे वाचले.

याच उन्हाळ्यात वडिलांनी तेजस्विन शंकरचं उदाहरण काढलं. दिल्लीचा मुलगा, कॅन्सस स्टेट विद्यापीठाची स्कॉलरशिप घेऊन २०१७ मध्ये इकडे आला, २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचा उंच उडीचा विजेता झाला, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य. सगळं खरं. पण अमेरिकेत यायच्या आधी, २०१६ मध्ये, कोइम्बतूरला २.२६ मीटर उडी मारून त्याने भारताचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता, आणि तेव्हा तो १७ वर्षांचा होता. अशा मुलाला शोधायला कोच जगभर फिरतात. आपल्या मुलीला कुणी शोधत येणार नव्हतं, तिलाच योग्य दारं शोधून ठोठवायची होती.

(दुसऱ्या टोकाचं उदाहरण डिक फॉसबरीचं. ओरेगनमधल्या मेडफर्डच्या शाळेत असताना त्याला जुन्या पद्धतीने धड उंच उडी जमेना, म्हणून तो पाठ खाली करून आडव्या दांडीवरून जाऊ लागला. पुढे ओरेगन स्टेटकडून खेळताना १९६८ मध्ये एनसीएए आणि त्याच वर्षी मेक्सिकोत २.२४ मीटरवर ऑलिम्पिक सुवर्ण. ऐकायला छान गोष्ट आहे, पण तिच्या भरवशावर मुलांचं नियोजन करू नये.)

फळीच्या मागे राहिलेले २३ सेंटिमीटर

अकरावीच्या वसंतात, एप्रिल २०२५ मध्ये, मी तिला पहिल्यांदा जवळून पाहिलं. लांब उडीच्या सहा उड्या अशा (पाय रेषेपुढे पडला की फाउल, ती उडी धरत नाहीत): फाउल, ५.२१, फाउल, ५.२८, फाउल, ५.०९. निकालाच्या पानावर उरली फक्त ५.२८, म्हणजे १७ फूट ४ इंच. तिने मान खाली घातली. "काका, मी अडकलेय. वर्षभर सतराच्या पुढे सरकतच नाहीये."

पण ५.२८ च्या उडीत तिच्या बुटाचं टोक फाउलच्या रेषेच्या, म्हणजे उडी जिथून मोजतात तिच्या, २३ सेंटिमीटर मागे होतं. रेषेआधीची, जिच्यावरून उडायचं ती फळी असते २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ती फळीच्याही मागून उडाली होती. पायाच्या टोकापासून मोजली तर उडी साडेपाच मीटरची होती, १८ फुटांच्या किंचित वर. मुलगी अडकलेली नव्हती, फळी चुकत होती. आणि तीन फाउल पाहता चूक दोन्हीकडची होती, कधी पुढे तर कधी मागे.

कारण रन-अपच्या सुरुवातीत होतं. ती चार-पाच पावलं चालत, मग हलकं धावत येऊन खुणेवर पाय टाकायची आणि तिथून वेग घ्यायची. चालण्याची लांबी दर वेळी वेगळी, त्यामुळे खुणेवर पोचतानाचा वेग वेगळा, आणि सोळा पावलांनंतर तो फरक फळीवर दोन-दोन वीत भरायचा. शेवटच्या चार पावलांत तिला हे जाणवायचं आणि ती पावलं आखूड करून किंवा ताणून फळी गाठायला बघायची. लांब उडीत घात होतो तो इथे. उडी किती जाणार हे सर्वांत जास्त ठरतं फळीवरच्या आडव्या वेगावर. चांगला उडीपटू हवेत जातो तो साधारण २० अंशांच्या कोनात, गणिताच्या पुस्तकातल्या ४५ अंशांत नाही, कारण तेवढं वर जायचं तर वेग सोडावा लागतो. म्हणून फळीकडे बघत पाय जुळवणं म्हणजे जमवलेला वेग शेवटच्या क्षणी ओतून टाकणं.

तिच्या क्लबच्या कोचने दोन गोष्टी बदलल्या. सुरुवात उभ्याने, एक पाय खुणेवर ठेवून. आणि फळीपासून चार पावलं मागे एक खूण, फक्त कोचने बघायची. पाय तिथे बरोबर पडला आणि फळी चुकली तर दोष शेवटच्या पावलांचा. तिथेच चुकला तर दोष सुरुवातीचा. हंगाम संपेपर्यंत तिची लांब उडी १७ फूट ८ इंचांवर (५.३८ मी) गेली. १९ फूट अजून लांबच होते.

खरा माल तिहेरी उडीत

तिला तिहेरी उडी आवडायची नाही. "ती मी पॉइंटसाठी मारते," म्हणायची. पण अकरावीच्या मे महिन्यात तिने ३६ फूट १० इंच मारली, ११.२२ मीटर. वर्षभरात लांब उडीत ३८ सेंटिमीटर वाढले तर तिहेरीत ८१.

त्या उडीच्या व्हिडिओवरून टप्पे मोजले. हॉप (उडलेल्याच पायावर उतरणं) ४.१० मीटर, स्टेप (दुसऱ्या पायावर) २.७०, जम्प (वाळूत) ४.४२. म्हणजे स्टेप एकूण उडीच्या २४ टक्के. जागतिक दर्जाच्या खेळाडूंत हाच टप्पा साधारण २८ ते ३० टक्के असतो. ती हॉपमध्ये फार उंच जायची, वरून दणकन खाली यायची, गुडघा दुमडायचा आणि स्टेप मरायची. तिहेरी उडीत स्टेपच्या वेळी पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोर येऊ शकतो. तो पेलण्याची ताकद शाळकरी पोरींत अजून आलेली नसते, म्हणून ही चूक घाऊक दिसते. पुढे एका कॉलेज कोचने हाच व्हिडिओ पाहून तिला लिहिलं की या स्टेपमध्ये अर्धा मीटर दडलेला आहे. भरतीच्या वेळी कोच हे बघतो: आज किती, आणि आपल्या हाताखाली आणखी किती निघेल.

एक बारकावा घरच्यांना माहीत नव्हता. शाळेत ती ३२ फुटांच्या फळीवरून उडायची, म्हणजे फळी ते वाळू ९.७५ मीटर. ११.२२ च्या उडीत ती वाळूत जवळजवळ दीड मीटर आत उतरते. कॉलेजात मुलींची फळी याहून मागे असते, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ११ मीटरवर. तिथून हीच उडी मारली तर वाळूत जेमतेम २२ सेंटिमीटर. बेत थोडा फसला की टाच धावपट्टीच्या रबरावर. म्हणून कोच विचारतात, "कुठल्या फळीवरून?" तिने उत्तर आधीच ईमेलमध्ये लिहून टाकलं, आणि एका कोचने मला नंतर सांगितलं की त्या एका ओळीवरून मुलीला खेळ कळतो हे लक्षात आलं.

जिल्हा स्पर्धेत राज्याची पात्रता एका क्रमांकाने हुकली. पेन्सिल्व्हेनियाची राज्य स्पर्धा मे अखेरीस शिपन्सबर्ग विद्यापीठाच्या मैदानावर होते, आणि तिथे न जाता आलेली पोरं सगळं संपलं असं धरून चालतात. वडिलांनीही धरलं. काही संपलं नव्हतं. कोचला आकडा हवा असतो, राज्याचं पदक असेल तर बरंच, नसेल तर अडत नाही.

गुडघा, आणि शाळेच्या कोचशी बोलणं

उजव्या गुडघ्याची वाटी जिथे संपते, त्याच्या खालच्या टोकाशी दुखायला लागलं होतं. जम्पर्स नी, म्हणजे वाटीखालच्या स्नायुबंधावर ताण साचत जाणं. कारण डोळ्यांसमोर होतं. आठवड्यात दोन शाळा आमनेसामने असलेल्या मीट, शनिवारी इन्व्हिटेशनल (बऱ्याच शाळांची निमंत्रित स्पर्धा), आणि प्रत्येक ठिकाणी लांब उडी, तिहेरी, उंच उडी आणि ४ बाय १०० रिले. एका दुपारी पूर्ण वेगाच्या कितीतरी उड्या त्याच पायावर.

इथे शाळेच्या कोचला खलनायक करणं सोपं आहे, मी करणार नाही. दोन शाळांच्या मीटमध्ये पॉइंट मोजतात, त्याच्याकडे उंच उडीला दुसरी मुलगी नव्हती, आणि टीम जिंकवणं हेच त्याचं काम. आईला वाटत होतं क्लबच्या कोचने त्याला फोन करून सुनवावं. मी म्हटलं, मुलीनेच बोलायला हवं, सतरा वर्षांची आहे. ती गेली. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेली, आणि सोबत तोडगाही: उंच उडी सोडते, दोन शाळांच्या मीटमध्ये तिहेरीच्या दोनच उड्या मारते, रिले मात्र सोडत नाही. कोच हो म्हणाला. रिले ठेवल्याने टीममधल्या मुलींच्या नजरेतही ती स्वार्थी ठरली नाही, आणि कॉलेजचे कोच शाळेच्या कोचला फोन करून विचारतात ते बरेचदा हेच असतं.

उन्हाळ्यात सहा आठवडे उड्या बंद. भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं स्थिर धरण्याचे व्यायाम, मग हळूहळू वजन, मग छोट्या उड्या. कॉलेजच्या कोचपासून हे लपवावं का, असा प्रश्न घरात निघाला. लपवायचं नाही. कॉलेजात गेल्यावर वैद्यकीय तपासणी होतेच, आणि गुडघा कसा सांभाळला हे सांगणारी मुलगी कोचला न सांगणाऱ्या मुलीपेक्षा बरी वाटते.

यादी कशी बदलली

जून २०२५ पर्यंत तिच्या यादीत फक्त टीव्हीवर दिसणारी नावं होती. आम्ही ती बाजूला ठेवली आणि एक संध्याकाळ कॉलेज ट्रॅकच्या निकालांच्या टीएफआरआरएस या साइटवर बसलो. वडील, मुलगी आणि मी. काम सोपं आहे, फक्त वेळखाऊ. प्रत्येक कॉलेजची कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, शोधायची, तिच्या वार्षिक स्पर्धेचा निकाल उघडायचा, तिहेरी उडीत आठवा क्रमांक किती मीटरला आला ते लिहायचं.

आठवाच का? कारण कॉन्फरन्सच्या स्पर्धेत बहुधा पहिल्या आठ जणांना गुण असतात: १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. कोचची नोकरी या गुणांवर असते. तुमची आजची उडी तिथे आठव्या क्रमांकाच्या आसपास असेल तर तुम्ही पहिल्याच वर्षी गुण आणू शकता. अर्धा मीटर मागे असाल तर प्रकल्प आहात, कोचला वेळ आणि विश्वास दोन्ही असेल तरच घेईल. दीड मीटर मागे असाल तर ईमेलचं उत्तर येणार नाही, आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

टीव्हीवरच्या कॉन्फरन्सेसमध्ये आठवा क्रमांकही तिच्यापासून मीटरभराहून जास्त पुढे होता. वडील पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे आधी का नाही बघितलं आपण?" मुलगी मात्र खालच्या ओळींत गुंतली होती. तिच्या यादीत आलेल्या काही डिव्हिजन २ आणि ३ च्या कॉलेजांत ११.२२ ला पाचवा-सहावा क्रमांक मिळत होता. लांब उडीची ५.३८ त्याच ठिकाणी कुठेच बसत नव्हती. १९ फुटांचा विषय त्या संध्याकाळनंतर निघाला नाही.

मग दुसरा रकाना: त्या टीममध्ये आत्ता तिहेरी उडीच्या किती मुली आहेत आणि कधी बाहेर पडणार. तिसरा: उड्यांसाठी वेगळा कोच आहे का, की धावण्याचा कोचच उड्याही बघतो. चौथा रकाना मुलीने स्वतः वाढवला, विषय. तिला फिजिकल थेरपीत जायचं होतं.

ईमेलही पुन्हा लिहिला. आधीचा सुरू व्हायचा, "लहानपणापासून मला खेळाची आवड आहे" असा, आणि उडीचा आकडा तिसऱ्या परिच्छेदात. नव्याच्या विषयाच्या ओळीतच सगळं: २०२६ ला पदवीधर, तिहेरी ११.२२, लांब ५.३८, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी). आत पाच-सहा ओळी. कुठल्या मीटमध्ये, वारा मोजला होता का, ३२ फुटांची फळी, गेल्या वर्षी किती होती. बाजूने घेतलेला व्हिडिओ, त्यात पूर्ण रन-अप आणि तिन्ही टप्पे दिसतील असा, संगीत न लावता. वाऱ्याचं लिहायचं कारण असं की मागून सेकंदाला २ मीटरहून जास्त वारा असेल तर उडी विक्रमासाठी धरत नाहीत, आणि शाळांच्या पुष्कळ मीटमध्ये वारा मोजतच नाहीत. कोचला हे ठाऊक असतं, पण लपवलेलं आवडत नाही. शेवटची ओळ प्रश्नाची: तुमच्याकडे पुढच्या दोन वर्षांत तिहेरीला जागा आहे का?

उत्तरं यायला लागली. त्यात "नाही"ही बरीच होती, पण स्पष्ट.

जुलैमधला धक्का

डिव्हिजन १ चं एक मध्यम कॉलेज वसंतापासून तिच्याशी बोलत होतं. स्कॉलरशिप नाही, पण वॉक-ऑन म्हणून टीममध्ये जागा, असा सूर. जुलैत कोचने सभ्य शब्दांत हात वर केले.

मागचं कारण मोठं होतं. ६ जून २०२५ ला हाउस खटल्यातल्या (कॉलेज खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या) तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. आधी डिव्हिजन १ मध्ये महिलांच्या ट्रॅक आणि क्रॉस-कंट्रीला मिळून १८ स्कॉलरशिपची मर्यादा होती, पुरुषांना १२.६, आणि कोच त्या तुकडे करून वाटायचे. टीम किती मोठी असावी याला मात्र बंधन नव्हतं, म्हणून वॉक-ऑन पोरापोरींना जागा असायची. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत आता स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि तिच्या जागी डोक्यांची मर्यादा आली, ट्रॅकला ४५. धावणारे, फेकणारे, उड्या मारणारे सगळे त्यात. वॉक-ऑनवर घेतलेली 'पुढे होईल' अशी उडीपटू तिथे पहिली कापली जाते. बातम्यांत चर्चा झाली ती फुटबॉलच्या पैशांची. ज्यांना खरी झळ बसली ती ही अशी मुलं.

ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी यादीतल्या पुढच्या दोन कॉलेजांना भेटीची तारीख विचारली.

दोन प्रस्ताव, एक हिशेब

ऑक्टोबरपर्यंत दोन गंभीर पर्याय उरले.

पहिला, डिव्हिजन ३ चं नामांकित खासगी कॉलेज. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, जे मिळेल ते अभ्यासावर किंवा गरजेवर. प्रवेश कार्यालयाने तिची गुणपत्रिका आधी चाळून 'चालेल' असा इशारा कोचमार्फत दिला होता, पण कोचला ती अर्ली डिसिजनने हवी होती. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं: प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. वर्षाचा एकूण खर्च ८१,००० डॉलर. कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरने अभ्यासावरची सूट अंदाजे २७,००० दाखवली. घरच्या उत्पन्नामुळे गरजेवर काही नाही. उरले ५४,०००.

दुसरा, राज्यातलंच डिव्हिजन २ चं सरकारी विद्यापीठ. एकूण खर्च साधारण २५,०००, अभ्यासावर ३,०००, आणि खेळाचे ४,०००. उरले १८,०००. चार वर्षांचा फरक १,४४,००० डॉलर.

वडील नावाकडे झुकत होते, आणि त्यात गैर काही नाही, चांगल्या कॉलेजचं नाव पुढे उपयोगी पडतं. पण फिजिकल थेरपिस्ट व्हायला पदवीनंतर डॉक्टरेट लागते, साधारण तीन वर्षांची आणि महाग. तिथे प्रवेश मिळतो तो गुण, विज्ञानाचे ठरावीक विषय आणि दवाखान्यात घालवलेल्या तासांवर. हे सगळं दोन्हीकडे होणार होतं. माझं मत मी स्पष्ट दिलं: पुढे तीन वर्षांची फी दिसत असताना पहिल्या चार वर्षांत दीड लाख जास्त ओतायला मला तरी कारण दिसत नाही. आईने वेगळा प्रश्न विचारला, आणि तो माझ्या हिशेबापेक्षा भारी होता. "समजा पहिल्याच ऑक्टोबरात गुडघा गेला आणि उड्या बंद झाल्या. मग कुठे राहशील?"

मुलीने दोन्हीकडे रात्र काढली होती. खासगी कॉलेजात तिला मुली आवडल्या होत्या, पण उड्यांचा वेगळा कोच नव्हता. सरकारी विद्यापीठात तिने कोच नसताना टीममधल्या मुलींना विचारलं होतं की आठवड्यातून किती वेळा पूर्ण रन-अपने उड्या मारता. एकदा, म्हणाल्या, आणि मोठ्या मीटच्या आठवड्यात तेही नाही. गुडघा दुखलेल्या मुलीला याहून चांगलं उत्तर मिळणं कठीण. आईच्या प्रश्नावर ती म्हणाली, "इथेच राहीन. इथली लॅब मला आवडली."

एनसीएएच्या पात्रता केंद्रात एक किरकोळ अडचण निघाली. १६ कोअर विषय, म्हणजे एनसीएए मान्य करते असे अभ्यासाचे मुख्य विषय, लागतात, डिव्हिजन १ साठी त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. डिव्हिजन २ ला ही दहाची अट नाही, पण १६ आणि किमान २.२ जीपीए आहेच. तिचा स्पोर्ट्स मेडिसिनचा विषय कोअरमध्ये धरला गेला नाही. समुपदेशकाने वसंतात एक विज्ञानाचा विषय वाढवला आणि प्रश्न मिटला. मुलं डिव्हिजन १ च्या आशेवर असतील तर ही मोजणी नववीतच करावी.

सही नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूने कॉलेजला बांधून घेण्याचं पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालं, आता कॉलेजशी थेट आर्थिक मदतीचा करार होतो. शाळेत टोपी घालून फोटो काढतात तो समारंभ मात्र तसाच आहे.

हिवाळ्यात इनडोअरला तिची लांब उडी १८ फुटांवर (५.४८ मी) गेली. तिहेरी अजून पूर्ण रन-अपने मारलेली नाही. नव्या कोचने आखून दिलंय: फेब्रुवारीपर्यंत आठ पावलांच्या रन-अपने, हॉप मुद्दाम खुजा ठेवून, फक्त स्टेप लांबवायची. करारातले ४,००० डॉलर एका वर्षापुरते आहेत, आणि पुढच्या वर्षी ते मिळणार की नाही हे विद्यापीठाला १ जुलैपर्यंत कळवावं लागतं. वडिलांनी घरच्या हिशेबात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासमोर खेळाच्या रकान्यात शून्य लिहून ठेवलंय.